बैहरची गाडी

बैहरला रेल्वे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गाड्यांबद्दल बरंच येणार आहे आणि कोणीतरी तिकीट काढायला बसायचं. बालाघाटपर्यंत गाडी येते. तिथून बस किंवा जीप, घाट चढून साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. तरीही गेली पाचेक वर्षं दर रविवारी रात्री आठ वाजता बैहरहून एक गाडी सुटते आणि ती माझी आजी सोडते.

सुरुवात २०२० च्या एप्रिलमध्ये झाली. सगळेच आपापल्या घरात अडकलेले. आजी बैहरला एकटी, मामा नागपूरला, मी बंगळूरला, मावशीची मुलगी टोरांटोला. फोनवर रोज तेच बोलणं व्हायचं. जेवलीस का, भाजीवाला येतो का, हात धुतेस ना. आठ दिवसांत विषय संपले. तेव्हा टोरांटोवाली ताई म्हणाली, आपण काहीतरी खेळू. पत्ते ऑनलाइन खेळून पाहिले. पण आजीला रमीत हातातली पानं नीट दिसेनात आणि मामा हरले की चिडायचे. मग ताईने 'मेक्सिकन ट्रेन' काढली. हा डॉमिनोजचा खेळ आहे. (डॉमिनोज म्हटलं की आपल्या पिढीला पिझ्झा आठवतो. पण त्या पिझ्झ्याच्या डब्यावर ठिपक्यांचं जे चित्र असतं ना, तीच ही सोंगटी.)

ठिपक्यांच्या सोंगट्यांचा हा खेळ मूळचा चीनचा, अठराव्या शतकात तो इटलीमार्गे युरोपभर पसरला. आपल्याकडे फार रुजला नाही. आमच्या घरात तर कोणी सोंगटी हातातही धरलेली नव्हती. त्यामुळे सगळे एकाच वेळी शिकले आणि आजी सगळ्यांत आधी शिकली.

आता खेळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल आणि तुमच्या घरीही खेळता येईल.

प्रत्येक सोंगटीचे दोन भाग, प्रत्येक भागावर शून्य ते बारा यांपैकी एक आकडा. एक जोडी एकदाच. तेरा आकड्यांच्या वेगवेगळ्या जोड्या ७८ आणि दोन्हीकडे तोच आकडा असलेल्या १३, अशा एकूण ९१ सोंगट्या. चौघे असलो तर प्रत्येकाला पंधरा मिळतात. बारा-बाराची सोंगटी मध्ये ठेवतात, ते इंजिन. तीस सोंगट्या उलट्या पडून राहतात. त्या मधल्या इंजिनापासून प्रत्येकाने आपापली गाडी सुरू करायची. बाराला बारा जुळवायचा, पुढे जो आकडा उघडा राहील त्याला तोच आकडा. समजा माझ्याकडे १२-५, ५-९, ९-३, ३-३ आणि ३-० आहेत, तर माझी पाच डब्यांची गाडी तयारच आहे, एकेका पाळीला एकेक डबा जोडत जायचं. म्हणून हातात सोंगट्या आल्या की पहिलं काम म्हणजे सर्वांत लांब साखळी शोधून ती बाजूला लावून ठेवणं. ऑनलाइन खेळात बोटाने ओढून त्या हव्या त्या क्रमाने मांडता येतात. हे आम्हाला दुसऱ्या महिन्यात कळलं.

चौघांच्या चार गाड्यांशिवाय एक पाचवी गाडी असते. ती कोणाचीच नाही. तिच्यावर कोणीही, केव्हाही आपला डबा लावू शकतं. खेळाला नाव मिळालं ते हिच्यामुळे, हीच मेक्सिकन ट्रेन.

आपल्या पाळीला काहीच लागत नसेल तर उलट्या ढिगातून एक सोंगटी उचलायची. ती लागली तर लगेच लावायची. नाही लागली तर पाळी गेली, आणि शिवाय आपल्या गाडीवर एक खूण बसते. खूण बसली की बाकीचे आपल्या गाडीवर त्यांचे डबे चढवू शकतात. पुढे कधी आपण स्वतः आपल्या गाडीवर डबा लावला की ती खूण निघते. दोन्हीकडे तोच आकडा असलेली सोंगटी आडवी ठेवतात आणि ती लावणाऱ्याने लगेच तिच्यापुढे आणखी एक लावायची असते. त्याला जमलं नाही तर पुढच्याने, त्यालाही नाही तर त्याच्या पुढच्याने. ती आडवी सोंगटी मिटेपर्यंत दुसरीकडे कोणालाही काही लावता येत नाही. एकाचा हात रिकामा झाला की डाव संपला. बाकीच्यांनी आपापल्या हातातले ठिपके मोजायचे. पुढचा डाव अकरा-अकराच्या इंजिनाने, मग दहा-दहा, असं शून्य-शून्यपर्यंत. तेरा डावांनंतर ज्याचे ठिपके सर्वांत कमी तो जिंकला. शून्य-शून्य हातात अडकली तर आमच्याकडे पन्नास ठिपके धरतात. सगळीकडे तसं नसतं. मामांना अजूनही हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण ती बहुतेक त्यांच्याकडेच अडकते.

एवढं ताईने व्हिडिओ कॉलवर समजावलं. आजी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे नैनपूरच झालं की हे."

नैनपूर म्हणजे काय ते आपल्यातल्या लहानांना सांगायला हवं. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत बंगाल नागपूर रेल्वेने गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १९०३ ते १९०५ च्या दरम्यान नॅरोगेज टाकली. दोन रुळांमध्ये अंतर फक्त ७६२ मिलीमीटर, आताच्या ब्रॉडगेजच्या निम्म्यापेक्षाही कमी. नैनपूर हे तिचं मोठं जंक्शन. तिथून एक फाटा गोंदियाकडे, एक जबलपूरला, एक मंडला फोर्टला, एक शिवनीवरून छिंदवाड्याला. आजीचं माहेर गोंदियाचं आणि मोठी बहीण मंडल्याला दिलेली. त्यामुळे नैनपूरच्या फलाटावर पोरं, ट्रंक आणि तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन गाडी बदलायची वाट पाहणं तिने आयुष्यात खूप केलं. मध्ये एक ठिकाण आणि तिथून चारी दिशांना निघणाऱ्या छोट्या गाड्या, हे चित्र तिला कोणी शिकवावं लागलंच नाही.

मग तिने आमच्या खेळाची भाषाच बदलून टाकली. मधलं इंजिन म्हणजे नैनपूर. मामांची गाडी छिंदवाड्याची, कारण ती लाईन पुढे नागपूरला जाते. ताईची जबलपूरची, सगळ्यांत लांब म्हणून. माझी मंडल्याची, का ते तिलाच ठाऊक. तिची स्वतःची अर्थातच गोंदियाची. उलट्या सोंगट्यांचा ढीग म्हणजे मालधक्का. गाडीवर खूण बसली की 'फाटक उघडलं'. आडवी सोंगटी पडली की 'डबा घसरला', आणि तो हटल्याशिवाय लाईन मोकळी नाही. आता राहिली ती पाचवी, कोणाचीच नसलेली गाडी.

"ती बैहरची," आजी म्हणाली. "बैहरला गाडी नाही ना. मग जो येईल त्याची."

आज आमच्याकडे 'मेक्सिकन' हा शब्द कोणी वापरत नाही. ताईचा सात वर्षांचा मुलगा टोरांटोत त्याच्या वर्गमित्रांना 'बैहर ट्रेन' शिकवतो आणि ती मुलं घरी जाऊन तसंच म्हणतात.

ऑनलाइन खेळायचं म्हणजे फार काही लागत नाही. असे बरेच अ‍ॅप आणि वेबसाइट आहेत. एकाने खाजगी टेबल उघडायचं, त्याची लिंक किंवा कोड कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, बाकीच्यांनी तिथून आत यायचं. घरात वयस्कर माणूस असेल तर पाळीचा वेळ अमर्याद ठेवा. आम्ही सुरुवातीला तीस सेकंद ठेवले होते आणि आजी चष्मा पुसेपर्यंत तिची पाळी जायची. लागणाऱ्या सोंगट्या आपोआप उजळून दाखवण्याची सोय पहिले चार रविवार चालू ठेवा, मग बंद करा, नाहीतर कोणी विचारच करत नाही. अनोळखी लोकांच्या टेबलाचं आणि त्यांच्याशी गप्पांचं बटण आधीच बंद करून द्या. आणि नाणी विकत घ्या म्हणून जे मागे लागतात, तिथे कार्डाचा नंबर घालू नका. त्या नाण्यांनी खेळात काहीही फरक पडत नाही, फक्त सोंगट्यांचा रंग बदलतो. टोरांटोशी खेळणाऱ्यांसाठी आणखी एक: मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. आपले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात त्यांचे सकाळचे साडेनऊ, मग साडेदहा. दरवर्षी त्या रविवारी ताई तासभर आधी येऊन बसते आणि दरवर्षी तिला आश्चर्य वाटतं.

तेवढ्याच सेटिंगमध्ये आणखी एक ओळ होती, जिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. 'खेळाडूचा संपर्क तुटल्यास संगणक खेळेल.' ती मुळातच चालू होती. मला वाटलं, चांगलंच आहे की.

यंदा फेब्रुवारीतला एक रविवार. सुरुवातीला खेळाबरोबर व्हिडिओ कॉल असायचा. पाच वर्षांत तो हळूहळू बंद पडला होता. आम्ही फक्त खेळायचो आणि मध्येमध्ये टाळ्यांची चित्रं पाठवायचो. त्या रात्री पाचवा डाव चालू होता. आजी सुसाट होती. मामांचं फाटक उघडलं तर लगेच तिने त्यांच्या गाडीवर डबा चढवला. पुढच्या पाळीला पुन्हा. एका मागोमाग दोन आडव्या सोंगट्या टाकून त्या मिटवल्यासुद्धा. डाव तिनेच संपवला. मामांकडे सत्तरच्या वर ठिपके उरले. मी टाळ्या पाठवल्या. ताईने नाचणारी बाई पाठवली. मामांनी लिहिलं, "आई आज काही खरं नाही."

सव्वानऊच्या सुमारास मामांना बैहरहून फोन आला. आजीच्या शेजारच्या काकूंचा. अवकाळी पाऊस-वारा सुटून साडेआठलाच लाईट गेले होते. राउटर बंद, आजीचा टॅब नुसता काचेचा तुकडा. तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. ती टॉर्च शोधायला अंधारात मागच्या अंगणात गेली आणि ओल्या ओट्यावरून घसरली. डावं मनगट मोडलं. काकू मेणबत्ती मागायला आल्या म्हणून कळलं. पाऊण तास ती त्या ओट्याला टेकून बसून होती.

त्या पाऊण तासात आम्ही तिघे एका प्रोग्रामला शाबासकी देत होतो.

मला सगळ्यात जास्त काय खुपलं ते सांगतो. माझं कामच हे आहे. आमच्याकडे शेकडो सर्व्हर चालतात आणि त्यातला प्रत्येक जण ठराविक सेकंदांनी 'मी जिवंत आहे' एवढाच निरोप पाठवतो. याला आम्ही हार्टबीट म्हणतो. दोन-तीन निरोप चुकले की त्याचं काम दुसऱ्याकडे सोपवायचं, आणि ते इतक्या सफाईने की गिऱ्हाईकाला काही कळता कामा नये. ही सफाई जमली की आम्हाला बढती मिळते. पण त्याच वेळी कोणाच्या तरी फोनवर घंटाही वाजलीच पाहिजे, रात्रीचे तीन वाजले असले तरी. या खेळात सफाई होती, घंटा नव्हती. आजीच्या नावाशेजारी एक नखाएवढं राखाडी चिन्ह आलं असणार. मी पाहिलं नाही.

आणि चिन्ह नसतं तरी मला कळायला हवं होतं. आजी मामांच्या गाडीवर कधीच आधी जात नाही. तिचा खेळ ठरलेला आहे. स्वतःची साखळी बाजूला लावून ठेवायची, तिला हात लावायचा नाही आणि साखळीत न बसणाऱ्या फुटकळ सोंगट्या आधी बैहरच्या गाडीवर खपवायच्या. आपली गाडी आपलीच आहे, ती कुठे जात नाही. बैहरच्या गाडीवर मात्र आत्ता जागा आहे, पुढच्या पाळीला नसेल. खेळ म्हणून पाहिलं तरी ही चाल पक्की आहे. त्या डावात 'आजी' एकदाही बैहरच्या गाडीवर गेली नव्हती.

मार्चमध्ये मी बैहरला निघालो. मामा आधीच जाऊन, मनगट बसवून, प्लास्टर घालून, चार दिवस भांडून परत आले होते. आजीने आता नागपूरला कायमचं यावं असं त्यांचं म्हणणं. आजी 'पाहू' म्हणत होती, आणि आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही. "तुझं ऐकते ती, तू जा," मामा मला म्हणाले.

नागपूरहून गोंदिया, गोंदियाहून बालाघाट. हा दुसरा टप्पा आता ब्रॉडगेज आहे. नॅरोगेजवरच्या गाड्या बालाघाटच्या पुढे जबलपूरपर्यंत २०१५ पर्यंत धावत होत्या, मग रूळ उखडले गेले, आणि २०२१ पर्यंत गोंदिया ते जबलपूर सलग ब्रॉडगेज झाली. मी लहानपणी त्या छोट्या गाडीत बसलोय. समोरासमोरच्या बाकांवर बसलं की गुडघ्याला गुडघे लागायचे आणि चढावर तिचा वेग असा की शेजारून सायकलवाला पुढे जायचा. आता जुनी इंजिनं पाहायची तर नागपूरला मोतीबागेतल्या संग्रहालयात जा, किंवा थेट नैनपूरला. तिथेही नॅरोगेजचं संग्रहालय आहे. मुलांना नक्की न्या. डब्यात चढू द्या.

बालाघाटला उतरलं की कानावर तीन-चार भाषा एकदम पडतात. दुकानात हिंदी, शेजारच्या बाकावर पोवारी, चहावाल्याचं मराठी. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होते, आणि राजधानी होती नागपूर. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आजोबांची पिढी कामाला नागपूरला जायची ती राजधानीत, मामांची पिढी गेली ती परराज्यात. अंतर तेवढंच.

बैहरची बस बालाघाट सोडते ती भरवेलीवरून. मॅंगनीजची खाण. भूमिगत आणि खोल. रस्त्याकडेची धूळसुद्धा काळसर. मग गांगुलपारा, तिथून घाट लागतो. मार्चमध्ये सालाच्या झाडांना नवी पानं फुटतात आणि मोहाची फुलं गळायला लागतात. बसच्या खिडकीतून तो गोडसर, थोडा आंबूस वास आत येतो. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली आणि टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बाया-मुली. पुढे उकवा, तिथेही मॅंगनीज. दर दहा मिनिटांनी समोरून ट्रक येतो आणि आपला ड्रायव्हर बस घाटाच्या कडेला घेऊन त्याला वाट देतो. ज्या भागातून एवढा माल खाली जातो तिथे रेल्वे का नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आलाय. बैहरच्या पुढे मलाजखंडला तर तांब्याची एवढी मोठी खाण, १९८२ पासून चाललेली. बसमध्ये शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "रेल्वे येणार म्हणून मी शाळेत असतानाच पेढे वाटले होते." त्यांचे केस पांढरे होते.

घाट संपला की वर मैकलचं पठार. हवा एकदम हलकी. बैहर तहसिलीचं गाव. गोंड आणि बैगा वस्ती आजूबाजूला, आणि पुढे गेलं की कान्हाचं मुक्की गेट. हल्ली बाहेरगावच्या गाड्या बैहरमधून जातात त्या वाघासाठी, चहापुरत्या थांबतात. आजोबा इथे शिक्षक म्हणून आले. आजी १९६७ साली लग्न होऊन आली. गोंदिया ते बालाघाट कोळशाच्या इंजिनाच्या गाडीतून, शालूवर कोळशाचे कण, आणि पुढे याच घाटातून बसने, दोनदा उलटी करत. हे ती अजूनही रंगवून सांगते.

घर तेच, कवेलूचं. आजी दारात उभी, डावा हात गळ्यात बांधलेला.

"काऊन रे, इतका वाळला? ऑफिसात जेवायले देत नाही का?"

रात्री चिन्नोरचा भात होता. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये जीआय मिळाला, पण आजीच्या मते तो आता पूर्वीसारखा वास मारत नाही. शेजारच्या काकू भाजी घेऊन आल्या. बैहरमध्ये आजीला एकटी म्हणायचं ते आम्हीच. तीन दिवसांत त्या घरात येऊन गेलेली माणसं मोजली तर माझ्या बंगळूरच्या घरात वर्षभरात येत नाहीत इतकी. आजोबांचे विद्यार्थी, ज्यांची मुलं आता नोकरीला आहेत. मोहाची फुलं देऊन जाणारी एक बैगा म्हातारी, तिचं आजीशी बोलणं मला अर्धं कळलं. बँकेतला मुलगा, जो पासबुक भरून घरी आणून देतो.

पण पाऊण तास ती त्या ओट्यावर बसून होती, हेही खरंच होतं. मी दुसऱ्या दिवशी विषय काढला.

"आजी, मामा काही चुकीचं नाही सांगत."

"मी कुठं म्हणते चुकीचं सांगते म्हणून?" ती एका हाताने वाटाणे सोलायचा प्रयत्न करत होती. मी सुप ओढून घेतलं. "तुझ्या मामाच्या घरी मी जाऊन राहिली ना. दोघंही सकाळी नऊला जातेत, सातला येतेत. लिफ्टमधून खाली जाऊन बसावं तर सगळे फोन पाहून राहतेत. पडली असती तर तिथं तरी कोण होतं दिवसभर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "भीती वाटली होती रे मले. लाईट येईना, आवाज देऊन पाहिला, पावसात कोणाले ऐकू जाणार? मले वाटलं, पोरं खेळून राहिली आहेत. मी गेली म्हणून थांबले असतील. आता फोन येईल, मग कोणीतरी येईल."

मी वाटाणे सोलत राहिलो.

शेवटी जे ठरलं ते कोणालाच पूर्ण आवडलेलं नाही. जून ते सप्टेंबर, पावसाचे चार महिने, आजी नागपूरला राहणार. दसऱ्याच्या आधी परत बैहरला. मामांना चार महिने कमी वाटतात, आजीला जास्त. ओट्यावर खरबरीत फरशी बसवून घेतली आणि मागच्या दाराशी दोन टॉर्च खिळ्याला टांगले. राउटरला छोटी बॅटरी लावली. काकूंच्या मुलाचा नंबर आम्हा तिघांच्या फोनमध्ये टाकला. आजीच्या फोनला दोरी बांधून तो गळ्यात घालायचा असं ठरलं. ते तिने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी फोन देवघरात होता.

आणि खेळाची ती एक ओळ बदलली. 'संपर्क तुटल्यास संगणक खेळेल' काढून 'संपर्क तुटल्यास खेळ थांबेल'. तुमच्या घरी खेळणार असाल तर हे सगळ्यात आधी करा. थोडा वैताग येतो. ताईच्या घरी तिचं मांजर केबलवर बसलं तरी चौघांचा खेळ अडतो.

माझ्या निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. आठ वाजता आजी टॅब मांडीवर घेऊन बसली, मी शेजारी माझ्या फोनवर. सोंगट्या एका हाताने ओढताना तिला त्रास होत होता, तरी मला हात लावू देईना. तिची साखळी मला दिसत होती, पाहायची नाही असं ठरवूनही. बाराशी जुळणारी १२-७, मग ७-४, ४-४, ४-१०, १०-१. चांगली पाच डब्यांची गाडी. तिने त्यातली एकही लावली नाही. इतर सोंगट्यांतली १२-२ उचलून बैहरची गाडी सुरू केली.

"आई, फाटक उघडं आहे माझं, ये ना इकडे," मामांनी लिहिलं.

"पाहू," आजी म्हणाली. मी तसंच टाइप केलं.

तिसऱ्या डावात मामांकडे पुन्हा शून्य-शून्य अडकली होती, म्हणजे त्यांनी तसं लिहिलं नव्हतं, पण ते गप्प झाले होते. आजीने ४-४ आडवी टाकली, तिच्यापुढे लावायला हात नेला आणि लाईट गेले. राउटरची बॅटरी मी त्या दुपारीच लावली होती आणि तिची पिन नीट बसवली नव्हती. माझा फोनही त्याच वायफायवर होता. अंगणाच्या बाजूला मिट्ट काळोख. बेडूक नव्हते, पाऊस नव्हता, नुसते रातकिडे.

"डबा घसरलेलाच राहिला," आजी म्हणाली.

मी टॉर्चसाठी उठलो. मागच्या दाराशी पोहोचायच्या आत देवघरात फोन वाजायला लागला. तो वाजत असतानाच माझ्या खिशातला वाजला, मामांचा. आणि पाठोपाठ शेजारच्या घरातला, भिंतीपलीकडून ऐकू येत होता, आणि काकूंचा मुलगा "हो, हो, जातो, जातो" म्हणत चपला घालत होता.

"अरे बाप्पा," आजी अंधारातून म्हणाली, "उचल ना कोणाचा तरी."